हॅकिंग म्हणजे पाइप जोडणं नव्हे!

पुन्हा तेच! हौसेने नवा व्हिडिओ गेम लावावा, हॅकिंगची वेळ यावी आणि समोर काय, तर कोडं. 'बायोशॉक' या गेमने २००७ मध्ये हॅकिंगसाठी पाइप जोडायला लावले, तेव्हा चाललं. अजूनही तेच? 'वॉच डॉग्ज'मध्ये तर बटण दाबलं की रस्त्यावरचा सिग्नल बदलतो. संताप होतो.

पासवर्ड फुटेपर्यंत तासन्‌तास बसवा असं कुणी म्हणत नाही. पण विचार तरी खरा ठेवा! २०१५ च्या 'हॅकनेट'मध्ये टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, कमांड टाइप करायची, पोर्ट, म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरचे दरवाजे, फोडायचे, आत शिरायचं, निघताना लॉग, म्हणजे आपल्या हालचालींच्या नोंदी, पुसायचे. तिकडे आपला माग काढणाऱ्या ट्रेसचा काउंटर उलटा पळत असतो. हाताला घाम फुटतो!

आपल्या पुण्यातच २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले. सिस्टिममध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, क्लोन केलेली कार्डं, देशोदेशीच्या एटीएमवर एकाच वेळी पैसे काढणारी माणसं. केवढी आखणी लागली असेल! आमच्या हिंजवडीत सिक्युरिटीवाले रोज हेच निस्तरतात, आणि त्यातही बरेचदा सुरुवात होते ती कुणीतरी खोट्या मेलवर क्लिक केल्यावर. मग गेममध्ये माणसाला गंडवायला लावा ना! तो मेल मला लिहू द्या, समोरचा फसतोय का ते बघू द्या.