तिन्ही येतं मला!

गोव्याच्या अर्ध्या आयर्नमॅन शर्यतीसाठी नाव घातलं तेव्हा माझा हिशेब सरळ होता. मिरामारच्या समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर पळायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. यातलं मला न येणारं काय होतं? पोहायला मी वाईजवळच्या आमच्या विहिरीत शिकलो, पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधून. सायकल शिकलो ती वडिलांच्या काळ्या घोड्यावर, दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. आणि पळायचं म्हणाल तर शाळेची सगळी वर्षं एसटीच्या मागे पळालोय. सत्तेचाळिसाव्या वर्षी नुसती उजळणी करायची होती.

पुण्यातल्या तलावावरची कोच पंचविशीची. म्हणाली, एक फेरी मारून दाखवा. मी मान वर काढून, विहिरीत मारतात तसे दणादण हात मारत पलीकडे पोचलो. शेजारच्या दोन आज्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या होत्या. कोच म्हणाली, "सर, तुम्ही बुडत नाही. एवढं आहे." पुढचे तीन आठवडे मी दांडीला धरून, पाण्यात तोंड घालून नुसते बुडबुडे काढत होतो. माझ्यासोबत बालवाडीतला एक मुलगाही बुडबुडे काढायचा. तो पाचव्या दिवशी पुढच्या बॅचला गेला.

मग सायकल. तिची मी घरी सांगितलेली किंमत खरी नव्हती, तरी बायको हबकली. "एवढे पैसे मोजले आणि कॅरिअर नाही, स्टँड नाही, साधी घंटीसुद्धा नाही?" तिला मी हे सांगितलं नव्हतं की यात बूटच पेडलला अडकवायचे असतात. टाच बाहेर फिरवली की सुटतात. शांत डोक्याने फिरवली तर. बोपदेव घाट चढून-उतरून परत येताना कोंढव्यात सिग्नल लाल झाला, मी थांबलो आणि टाचेचं विसरलो. हे पडणं मोठं सावकाश असतं. आपण पडणार हे कळतं, कुठल्या अंगावर तेही कळतं, फक्त हातात काही नसतं. आडवा झालो तरी पाय पेडललाच. शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून पाहिलं आणि अत्यंत सौजन्याने सांगितलं, "काका, हिरवा झालाय."

पळण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सायकलवरून उतरून लगेच पळायचा जो सराव असतो त्याला ब्रिक म्हणतात. पहिला किलोमीटरभर पाय सायकलच चालवत असतात आणि आपण त्यांच्या मागून जात असतो. वाटेत ताकदीसाठी एक जेल खायचं. चव तीन दिवसांच्या पंचामृतासारखी. मी गुपचूप राजगिऱ्याच्या वड्यांवर आलो.

या सगळ्याचं मूळ एका वादात आहे, हे मला पैसे भरल्यावर कळलं. सगळ्यात दमदार कोण, पोहणारा, पळणारा की सायकलवाला, यावर हवाईत काही मंडळींची हुज्जत झाली आणि 1978 साली त्यांनी तिन्ही एकाच दिवशी करून पाहिलं. आपल्याकडे असा वाद चहावर मिटला असता. पंधरा जण निघाले, बारा जण पोचले. दुसऱ्या आलेल्या गड्याचं पळताना पाणी संपलं, तेव्हा त्याच्या मदतनिसांनी त्याला बिअर पाजली. माझ्या आहारात हा मुद्दा घ्यावा असं मी सुचवलं. कोचने वहीतून मान वर केली नाही.

गणपतीला गावी गेलो तेव्हा विहीर तुडुंब होती. म्हटलं, आता दाखवूच. सूर मारला, तोंड पाण्यात, दर तिसऱ्या हाताला मान वळवून श्वास, अगदी शिकवल्याबरहुकूम. सहा हातांत भिंत आली, वळलो. काठावरून वडील ओरडायला लागले, "आरं, मान वर काढ! त्वांड पाण्यात घालून कोण पवतं व्हय?" मागोमाग आई, मागोमाग चुलता, आणि कुणीतरी "दोर आणा" म्हणालं. दम लागून मी मधेच डोकं वर काढलं. समोर चुलतभावाचा सात वर्षांचा पोरगा तरंगत होता. त्याने एका हाताने पायरी धरली, पाठीचा प्लॅस्टिकचा कॅन सोडला आणि माझ्याकडे ढकलला.

"काका, घ्या. मला येतं आता."