पालकसभा सकाळी अकराला कुणासाठी?

आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या मराठी शाळांत पालक सभेला येत नाहीत, ही शिक्षकांची जुनी तक्रार. खरी आहे. पण सभा ठेवता कधी? कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. त्या वेळी आई रताळ्याच्या रानात असते आणि बाप उद्यमबागच्या फौंड्रीत, नाहीतर गवंड्याच्या हाताखाली. दिवसाची हजेरी बुडवून यायचं आणि ऐकायचं काय, तर ‘तुमचा मुलगा अभ्यास करत नाही, घरी लक्ष द्या.’ रजिस्टर पुढं सरकतं, सही होते, सभा संपली.

‘लक्ष द्या’ म्हणजे नेमकं काय करा, हे कुणी सांगतच नाही. चौथीत शाळा सुटलेल्या आईनं पोराचं इंग्रजी-गणित कसं घ्यायचं? मग ती म्हणते, ‘मला कुठलं कळतंय बाई, तुमच्याच ताब्यात दिलंय, पाहिजे तर दोन रट्टे द्या.’ दोघी आपापल्या परीनं मोकळ्या. पोरगं आहे तिथंच.

निपाणीत एका घरी बघितलेलं सांगतो. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, तिसरीतली पोरगी शेजारी बसून धडा वाचत होती. जोडाक्षर आलं की ही पठ्ठी ते गिळून पुढं जायची. आईचे हात थांबले नाहीत, मानही वर झाली नाही. ‘काय वाचलीस? असं कोण बोलतंय का? परत वाच.’ पोरगी परत वाचली. वर्गाच्या बाईंनी त्या आईला एवढंच सांगितलं होतं : रोज एक पान मोठ्यानं वाचून घ्या, कुठं अडली ते मला सांगा.

मराठी शाळेची खरी ताकद ही आहे. इथं न शिकलेली आईसुद्धा पोरीची चूक कानानं पकडू शकते. कॉन्व्हेंटात तिला फी भरायची, ट्यूशन लावायची आणि गप्प बसायचं. (रागावू नका, माझी पुतणी तिथंच आहे.) अस्मितेची भाषणं आपण भरपूर केली. ही गोष्ट त्यात कुणी सांगताना मला तरी ऐकू आली नाही.

कन्नडचं म्हणाल तर पोरांना ते चांगलं यायलाच पाहिजे. शेताच्या उताऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत सगळा कारभार त्यातच आहे. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, पोरगं यंदा पाचवीत आहे. शेजारच्या कन्नड घरातल्या पोरांत खेळू द्या, निम्मं काम तिथंच होतं.

शिक्षकांवरच सगळं ढकलायचं नाही मला. २०२५ च्या दसऱ्यात सरकारी सर्वेक्षणाला शिक्षकांनाच जुंपलं आणि त्यासाठी शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. वर निवडणुकीची कामं, दुधाचा-अंड्यांचा हिशेब. अशा माणसाला ‘घरोघरी जा’ म्हणायला मलाही जीभ रेटत नाही.

पण एसडीएमसी, म्हणजे शाळेची विकास आणि देखरेख समिती, कशाला आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला, असं लिहिलंय. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी बाईचं नाव कागदावर आणि खुर्चीत तिचा नवरा. चर्चा कंपाउंडची, रंगाची, फार तर पाण्याच्या टाकीची. तिसरीतल्या किती पोरांना धडा सलग वाचता येतो, हा विषय बैठकीत निघतच नाही. आणि मग दहावीला सगळे खडबडून जागे होतात. २०२४ ला एसएसएलसीच्या वर्षाला तीन परीक्षा केल्या, संधी वाढल्या हे चांगलंच झालं. पण ज्याला प्रश्नच नीट वाचता येत नाही तो परत परत बसून काय करणार?

आपल्या शाळा मेअखेरीस उघडतात. पहिली सभा रात्री आठला गावातल्या देवळात ठेवा, जेवणं उरकून बायका येतील. भाषण नको, हारतुरे नकोत. प्रत्येक आईला तिच्या पोराचं पुस्तक हातात देऊन बाईंनी सांगावं, हा कुठं अडतोय आणि घरी यानं कुठलं पान वाचायचं. आणि समितीवरच्या बाया स्वतः येऊ देत. नवऱ्यांनी त्या रात्री पोरं सांभाळावीत.