सिलिकॉन, डबल पॅकिंग आणि न जुळणारी भोकं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इनटेक मॅनिफोल्डवरच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांवरच्या) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या मार्क टू अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनावर तुम्ही एमजीचं दोन एसयू कार्बोरेटरवालं मॅनिफोल्ड चढवलंय. त्याची भोकं हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) भोकांपेक्षा मोठी निघाली, म्हणून मिस्त्रींनी दोन पॅकिंग (गॅस्केट) एकावर एक घालून मधे सिलिकॉन भरलं. गाडी चालते. मी मात्र लोकांना विनाकारण फेसिंगच्या (मशीनवर सांध्याची बाजू सपाट करण्याच्या) खर्चात पाडतो आणि भोकं घासून जुळवायचा सरळ उपाय सांगत नाही, असं तुमचं म्हणणं.

मिस्त्रींच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण भोकं न जुळणं वेगळं आणि इंजिनाने हवा ओढणं वेगळं. कडा दोन मिलिमीटर मागेपुढे असल्या, तरी भोकाभोवती पॅकिंग दाबून धरायला सपाट जागा पुरेशी असेल तर हवा शिरत नाही. उलट भोकं तंतोतंत जुळलीत पण फ्लँज (मॅनिफोल्डचा हेडला टेकणारा सपाट भाग) एका बाजूने उचललाय, तर कितीही घासा, हवा ओढणारच.

बी-सीरिजमध्ये (अ‍ॅम्बेसेडर आणि एमजीबी दोघांची इंजिनं याच घराण्यातली) हा घोळ हमखास होतो, कारण इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या एकाच बाजूला. ओळीने पाच भोकं: एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला मिळून एक इनटेक, तिसऱ्या-चौथ्याला दुसरं. एमजीबीत या दोन मॅनिफोल्डच्या शेजारशेजारच्या फ्लँजवर एकच जाड वायसर बसतो आणि एकच नट दोघांना आवळतो. आता इनटेकचा फ्लँज कंपनीचा आणि एक्झॉस्टचा बाजारातल्या एक्स्ट्रॅक्टरचा (वेगळ्या नळ्यांच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा) असेल, तर जाडीत फरक पडतोच. वायसर जाड फ्लँजवर टेकून तिरका होतो आणि पातळ फ्लँज नुसता टांगलेला राहतो. नट कितीही पिळा, दाब पोचत नाही. व्हर्नियरने दोन्हींची जाडी मोजा, दोन मिनिटांत कळेल. उपाय म्हणजे जाड फ्लँज बाहेरच्या अंगाने मिलिंग करून बरोबरीत आणायचा, नाहीतर लेथवर वायसरलाच पायरी काढून घ्यायची. दुसरं काम तर फारच किरकोळ आहे. कोल्हापुरात राहून उद्यमनगरातल्या लेथची भीती वाटावी, हे मला पटत नाही!

आता सिलिकॉन. टॅपेट कव्हरला, टायमिंग कव्हरला जरूर लावा. पण कार्बोरेटरच्या गाडीत इनटेकच्या आतल्या भिंतीवर पेट्रोलचा ओला थर वाहत असतो, आणि साधं आरटीव्ही (हवेत आपोआप सुकणारं) सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, मऊ पडतं. आत आलेली त्याची कड सुटून व्हॉल्व्हकडे जाऊ शकते. शिवाय मॅनिफोल्डचं ॲल्युमिनियम हेडच्या बिडापेक्षा सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. ३०० मिमी लांबीवर तापमान ६० अंशांनी वाढलं, तर दोघांत साधारण ०.२ मिमीचा फरक पडतो. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तापली-निवली की फ्लँज पॅकिंगवर जरासा सरकतो. पॅकिंगला हे सोसतं, चिकटवलेल्या मऊ थराला सोसत नाही. डबल पॅकिंगची तऱ्हा वेगळी: ते दाबून बसत जातं आणि नट सैल पडतात.

‘गाडी चालते’ यावर माझं समाधान होत नाही, कारण ही गळती रस्त्यावर जाणवतच नाही. थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम जवळजवळ संपतं. आयडलिंगला मात्र चांगल्या इंजिनात समुद्रसपाटीला पाऱ्याचे १८ ते २० इंच असतं, तुमच्याकडे उंचीमुळे दीड-दोन इंच कमी. तेव्हाच हवा घुसते. रेस खालीवर होते, कार्बोरेटरमधून फट्फट् येतं, आणि मिस्त्री मिक्श्चर गडद करून ते झाकतो. तुमचे प्लग काढून बघा. पहिले दोन पांढरे (म्हणजे हवा जास्त) आणि शेवटचे दोन ठीक असतील, तर गळती कुठे आहे ते सांगायला नको.

तपासताना इनटेकवर कार्ब क्लीनर फवारू नका. खालीच तापलेला एक्झॉस्ट आहे, भडका उडेल. गाडी थंड असताना सुरू करून पहिल्या मिनिटात सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा; आवाज बदलला की जागा सापडली. त्याहून चांगलं म्हणजे मॅनिफोल्ड उतरवा, हेडच्या फेसला मार्किंग ब्लूचा (ठसा उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात मारा, कोरडं नवं पॅकिंग घालून नट आवळा आणि पुन्हा उघडा. पॅकिंगवर भोकाभोवती निळं कडं अखंड उमटलं पाहिजे. जिथे तुटलंय तिथे दाब नाही. कडं अखंड असलं तरी कुठे तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल, तर माझा त्यावर विश्वास नाही. तिथे मॅनिफोल्डला आर्गॉन वेल्डिंगने माल भरून फेसिंग करायला हवं.

मधे ॲल्युमिनियमची प्लेट घालायचा सल्ला कुणीतरी देईलच. कल्पना चांगली आहे, पण फक्त इनटेकखाली घातली तर इनटेक बाहेर येतो, एक्झॉस्ट तिथेच राहतो आणि तो तिरका वायसर पुन्हा हजर. घालायचीच तर पाचही भोकांची अख्खी प्लेट करा, स्टड लांब घ्या, आणि कार्बोरेटर बॉडीला घासत नाहीत ना ते आधी बघा.

राहिलं घासणं. मॅनिफोल्ड लहान आणि हेड मोठं असतं तर मी म्हणालो असतो, हात लावू नका, त्या पायरीने फारसं बिघडत नाही. तुमच्याकडे उलटं आहे. हेडची कड प्रवाहात आडवी येते आणि पेट्रोल तिच्यावर साचतं, म्हणून इथे घासण्यात अर्थ आहे. पण आधी सांधा पक्का करा, मग हेडचं तोंड वीस-पंचवीस मिलिमीटर आतपर्यंत निमुळतं उघडा. बेताने, कारण पलीकडे पाण्याचं जॅकेट आहे. आरशासारखं पॉलिश नको. पॅकिंगचं भोक दोन्हींपेक्षा किंचित मोठं कापा आणि गाडी चांगली तापून थंड झाली की नट पुन्हा एकदा आवळा.

निळ्या ठशाचा फोटो काढलात तर इथेच टाका. कुठला फ्लँज उतरवायचा ते त्यावरून सांगता येईल.