सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे झालं?

‘महाबळेश्वरकडे डोंगरात जमीन घ्या, सातबाऱ्यावर नाव लागलं की विषय संपला,’ असा मेसेज सोलापुरात फिरतोय. हे खरं नाही. सातबारा ही महसुली नोंद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. जुने फेरफार (जमिनीवरचं नाव कधी, कसं बदललं त्याच्या नोंदी) आणि खरेदीखतं वकिलाला दाखवाच. शेतजमीन असेल आणि आपण शेतकरी नसाल, तर १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं; शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथं बांधकामावर कडक निर्बंध आहेत. सातबाऱ्यावर खाजगी वनाचा शेरा असेल तर व्यवहारात पडूच नका. आणि पाणी! श्रावणातल्या झऱ्यावर भुलू नका, मे महिन्यात जाऊन बघा. दुष्काळ सोसलेल्या आपल्या माणसांची आयुष्यभराची पुंजी अडकायला नको, म्हणून एवढं लिहिलं. गाडीवाट नकाशात आहे का, तेही तपासा.