‘नॉर्वेजियनमध्ये जोर नेहमी पहिल्या अक्षरावर’? ‘-एरे’वाल्या क्रियापदांना हे लागू नाही

नॉर्वेला निघालेल्या मराठी मंडळींना भाषेबद्दल एक सल्ला हमखास मिळतो. तो थोडक्यात असा: जोर कायम पहिल्या अक्षरावर द्यायचा. लांबलचक परकी क्रियापदं म्हणजे इंग्रजी शब्दाला ‘-एरे’ची शेपटी. दुहेरी व्यंजन दिसलं की त्याच्या आधीच्या स्वरावर आपटायचं. बाकी सगळं लिहिलंय तसं वाचायचं. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण यातलं जवळजवळ काहीच या क्रियापदांना लागू पडत नाही.

आधी जोराचं बघू. नॉर्वेजियनच्या घरच्या शब्दांपुरता हा नियम बहुतांशी बरोबर आहे. ‘बाकेरे’ म्हणजे पाव भाजणारे लोक, आणि त्यात जोर ‘बा’वर पडतो. आता ‘स्तुदेरे’ घ्या, म्हणजे अभ्यास करणे. शेवटची तीन रोमन अक्षरं (ई-आर-ई) लिहायला हुबेहूब तीच, पण इथे जोर ‘दे’वर: स्तु-देऽ-रे. कारण ही शेपटी बाहेरची आहे. जुन्या फ्रेंच क्रियापदांचा शेवट जर्मनने उचलला, उत्तर जर्मनीच्या बोलीत त्याचा ‘-एरेन’ झाला, आणि तिथून तो डॅनिशमध्ये आणि नॉर्वेजियनमध्ये पोचला. ही बोली बोलणाऱ्या हान्सा (उत्तर जर्मन शहरांचा व्यापारी संघ) व्यापाऱ्यांची नॉर्वेच्या बर्गन बंदरातली पेढी साधारण 1360 पासून 1754 पर्यंत टिकली, आणि डेन्मार्कशी असलेला राजकीय संबंध थेट 1814 मध्ये सुटला. एवढ्या शतकांत ती शेपटी स्वतःचा जोर सोबत घेऊनच आली.

देवनागरीत लिहून घेणाऱ्यांची इथे हटकून फसगत होते. ‘स्तुदेरे’मध्ये आपण दोन्हीकडे तीच मात्रा देतो. प्रत्यक्षात ‘दे’मधला ए लांब आणि ठसठशीत असतो, तर ‘रे’मधला इतका पुसट की ऐकू येईल न येईल. मराठी माणूस दोन्ही ए सारखेच ठणकावतो आणि समोरचा गोंधळतो.

‘शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर’ ही दुरुस्तीही पुरी पडत नाही. आज्ञार्थात शेवटचा पुसट ए गळतो आणि ‘स्तुदेर!’ एवढंच उरतं. आता जोर शेवटच्या अक्षरावर दिसतो, पण तो हललेला नाही. तो त्याच लांब ए-वर बसून आहे. म्हणून अक्षरांचे नंबर मोजण्याऐवजी तो ए शोधावा. मात्र त्याच कुटुंबातली नामं वेगळी चालतात: ‘स्तुदेन्त’ (विद्यार्थी) मध्ये जोर शेवटी, ‘स्तुदिउम’ (अभ्यासक्रम) मध्ये सुरुवातीला.

सल्ला देणारे कुठे बरोबर ठरतात, तेही सांगायला हवं. क्रियापदाच्या आधी घरचा शब्द जोडला की मुख्य जोर त्या शब्दाकडे जातो. ‘प्रिओरितेरे’ म्हणजे प्राधान्य देणे, जोर ‘ते’वर. पण ‘नेदप्रिओरितेरे’, म्हणजे प्राधान्य कमी करणे, यात ‘नेद’ वरचढ होतो आणि ‘ते’कडे दुय्यम जोर राहतो. शिवाय पूर्व नॉर्वेच्या पारंपरिक बोलींत आयात शब्दांचाही जोर सुरुवातीकडे ओढतात. ‘बानान’ (केळं) मध्ये पहिला ‘बा’ जोरात. पण ती बोलीची ढब झाली. ओस्लोत आलेल्या परक्याने त्यावरून नियम बांधू नये.

दुहेरी व्यंजनाचं एका ओळीत निपटतं: ‘पासेरे’ (ओलांडणे) लिहिताना दोन एस आणि ‘कोन्त्रोलेरे’ (तपासणे) लिहिताना दोन एल येतात, तरी जोर से-वर आणि ले-वरच.

‘इंग्रजी अधिक -एरे’ हा मात्र खरा घातक सल्ला. ‘ओर्गानिसेरे’ म्हणताना आपल्या तोंडात ‘ऑर्गनाइझ’ घोळत असतं, आणि मग ‘नाइ’ही येतो, ‘झ’ही येतो. नॉर्वेजियनमध्ये तो झ नाहीच. तिथे स्वच्छ स आहे. गुंतवणे या अर्थाचं क्रियापद इंग्रजी ‘एंगेज’चं भावंड, लिहितानाही ते ई-एननेच सुरू होतं, पण उच्चार ‘आंगाशेरे’! अलीकडे इंग्रजीतून आलेल्या क्रियापदांना तर ही शेपटी बहुधा लागतच नाही. ‘तेस्ते’, ‘बूके’, ‘गूगले’ यांना साधा ‘ए’ पुरतो आणि जोर पहिल्या अक्षरावर. (आपण ‘टेस्ट करणे’, ‘बुक करणे’ म्हणतो. जुन्या आयातीसाठी ‘-एरे’ हे त्यांचं ‘करणे’च होतं म्हणा.)

आता अक्षरं तोडण्याकडे येऊ. ‘आंतरराष्ट्रीय करणे’ या अर्थाचं आठ अक्षरांचं क्रियापद असं फुटतं: इन-तेर-ना-शु-ना-लि-से-रे. ‘शु’ लिहिताना एस, जे आणि ओ अशी तीन अक्षरं लागतात. एस-जे मिळून एकच आवाज असल्याने ती जोडी ओळ तोडतानाही फोडत नाहीत. पण ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचा आणि तोंडाने तोडण्याचा हिशेब एक नसतो. छपाईत व्यंजनांचा घोळका आला की फक्त शेवटचं व्यंजन पुढच्या ओळीवर ढकलायची रीत आहे, म्हणून ‘वेन्स्त्रे’ (डावा) हा शब्द ‘वेन्स्त-रे’ असा तुटतो. ती रेघ पाहून कुणी तसा थांबून बोलला तर हसू येईल.

‘लिहिलंय तसं वाचा’ हा सल्ला शेवटी ठेवला, कारण यात मराठी माणसाची चांदी आहे. नॉर्वेजियन टी आपल्या ‘त’च्या जवळचा आहे, म्हणून ‘स्टुडेरे’ नको, ‘स्तुदेरे’. पण भूतकाळात (‘स्तुदेर्ते’, अभ्यास केला) आर आणि टी शेजारी येतात. ओस्लोकडे ते दोन्ही विरघळून एकच आवाज होतो, आणि तो चक्क आपला ‘ट’ आहे: स्तुदेटे. आर-एनचा ‘ण’ होतो, म्हणून वरच्या लांबलचक शब्दात ‘तेर-ना’ऐवजी ‘ते-णा’ ऐकू येतं. आर-एलचा ‘ळ’सारखा आवाजही मिळतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना यासाठी जीभ वळवायचा सराव करावा लागतो. आपण ती लहानपणीच वळवलेली असते. बर्गनला मात्र ही हुशारी बाजूला ठेवावी लागेल. तिथला ‘र’ घशातून येतो, तो ‘त’मध्ये विरघळत नाही, आणि नॉर्वेत बोलण्याचं कोणतंही अधिकृत प्रमाण नसल्याने त्यांचं ‘स्तुदेर्ते’ही तितकंच बरोबर.