सरफॅक्टंट फक्त बाळांसाठी? फक्त वायुकोशांत?

‘सरफॅक्टंट म्हणजे फुप्फुसातला साबण. तो फक्त वायुकोशांत असतो, कमी दिवसांच्या बाळांनाच त्याची गरज पडते, आणि रोज दोन चमचे तूप पोटात गेलं की मोठ्यांमध्येही तो वाढतो.’ असा मजकूर सध्या फिरतोय. (वायुकोश म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या; त्या मिटू नयेत म्हणून त्यांना आतून असणारा पातळ थर म्हणजे सरफॅक्टंट.) तो धडधडीत खोटा असता तर सोडून दिला असता. पण यात अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात.

तुपाचं आधी उरकून घेऊ. तूप आतड्यात पचतं. ते जाऊन फुप्फुसाला आतून लेप देत नाही. सरफॅक्टंट बनवतात वायुकोशांच्या भिंतीतल्या टाइप टू पेशी, आणि त्यांच्यावर हुकूम चालतो तो जनुकांचा आणि संप्रेरकांचा. बाळंतपण लवकर होणार असं दिसलं की डॉक्टर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात ते याचसाठी. लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली त्याचा उपयोग दाखवून दिला.

आता ‘बाळांनाच गरज’. एव्हरी आणि मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की कमी दिवसांच्या बाळांचा श्वास अडतो तो सरफॅक्टंट अपुरं असल्यामुळे. इथपर्यंत बरोबर. काचेत ठेवलेल्या बाळाच्या श्वासनलिकेत नळीतून जे औषध सोडतात, ते बहुतेकदा गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढलेलं असतं. पण सरफॅक्टंटमध्ये एसपी-ए, बी, सी आणि डी अशी चार प्रथिनंही असतात. त्यांतल्या एसपी-बीचं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेलं असेल, तर पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळही जन्मल्यावर काही तासांत धापा टाकू लागतं. या औषधाने तात्पुरता आराम पडतो, बाळ सावरत नाही. फुप्फुसाचं प्रत्यारोपण एवढाच मार्ग राहतो. एसपी-सीच्या बिघाडात एकाच घरात कोणाला तान्हेपणी त्रास होतो, कोणाला ऐन प्रौढपणी. आणि एसपी-एच्या दोन जनुकांतले काही दोष मोठ्या माणसांत फुप्फुसाचं तंतुमयीकरण (तंतू साचून फुप्फुस कडक होणं) आणि कर्करोगही घडवतात. बाळांपुरता विषय कुठे राहिला?

‘साबण’ म्हणणाऱ्यांना फक्त मेद दिसतो. वजनाने नव्वद टक्के मेदच असतो, मान्य. उरलेल्या दहा टक्क्यांतली प्रथिनं मात्र एका जातीची नाहीत. बी आणि सी मेदाचा थर पसरवतात, टिकवतात. ए आणि डी पहारा देतात. एसपी-डीच्या चार भुजा चार दिशांना फाकलेल्या असतात, आणि प्रत्येक टोकाला जंतूच्या अंगावरची साखर ओळखणारी तीन डोकी. इन्फ्लुएन्झाचा विषाणू असो की अ‍ॅस्परजिलस बुरशी, ही डोकी त्यांना धरतात.

आणि पहारेकऱ्याला नुसतं आतल्या खोलीत बसवून चालत नाही. एसपी-ए आणि एसपी-डी श्वासनलिकेत आणि तिच्या ग्रंथींतही सापडतात. एसपी-डी तर अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींतसुद्धा. ‘फक्त वायुकोशांत’ हे वर्णन शोभतं ते एसपी-सीला, कारण निरोगी प्रौढ फुप्फुसात त्याचं जनुक जवळजवळ टाइप टू पेशींतच चालू असतं. चारातल्या एकाचा नियम चौघांना लावला, इथेच गडबड झाली.

एसपी-बीची गंमत वेगळी. त्याचं जनुक बारीक श्वासनलिकांतल्या क्लब पेशींतही चालू असतं. पण सुरुवातीला तयार होणारी ३८१ अमिनो आम्लांची लांब साखळी कातरून ७९ आम्लांचं कामाचं प्रथिन काढावं लागतं, आणि ती कातरणी टाइप टू पेशींतच पुरी होते. क्लब पेशींत कच्चा माल दिसतो, पक्का नाही.

म्हणून या मजकुराला उत्तर देताना ‘नाकापासून खालपर्यंत सगळीकडे सरफॅक्टंट’ असं उलट टोक गाठणाऱ्यांशीही माझं जमत नाही. जनुक चालू असलं की त्याची आरएनए नावाची नक्कल पेशीत तयार होते. ती शोधणारी पीसीआर ही इतकी तिखट तपासणी आहे, की मूठभर पेशींतला आरएनएही ती दाखवते. नाकाच्या अस्तरात एसपी-बीचा आरएनए सापडला असं कोणी सांगितलं, तर मी आधी विचारेन: ७९ आम्लांचं प्रथिन दिसलं का, आणि कोणत्या पेशीत?