शिवसागरातील बोटफेरी आणि संथ पाण्याचा समज

सुट्ट्या लागल्या की साताऱ्यातील अनेक व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात फिरण्यासाठी बामणोली किंवा तापोळ्याला मोटारबोट भाड्याने घेणाऱ्यांना त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत : धरणाचे पाणी संथ असल्याने बोट उलटण्याची भीती नाही; पोहता येणाऱ्याला लाइफ जॅकेटची गरज नाही; दोन-चार माणसे जास्त बसली तरी चालते; आणि बोट उलटलीच तर तिला सोडून तडक काठाकडे पोहत निघावे. ही चारही विधाने चुकीची आहेत आणि चौथे तर जिवावर बेतणारे आहे.

पाणी वाहत नाही, याचा अर्थ त्यावर लाटा उठत नाहीत असा होत नाही. लाट वाऱ्याने उठते, आणि वाऱ्याला पाण्यावर जितकी लांब मोकळी धाव मिळेल तितकी ती मोठी होते. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा जण बुडाले. ते पाणीही धरणाचेच होते. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून आले, तर फेरी रद्द करावी. मध्येच वारा सुटला, तर चालकाने वेग कमी करून बोटीचे तोंड लाटेकडे किंचित तिरके धरावे, कारण आडव्या बाजूने आलेली लाट बोट कलंडवते. भरधाव बोट एकदम थांबवणेही तितकेच घातक असते, कारण तिनेच मागे उठवलेली लाट मागच्या फळीवरून आत येते.

जॅकेटचा मुद्दा मी जवळून पाहिला आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही कुटुंबासह बोटीत बसलो, तेव्हा जॅकेटे बाकाखाली कोंबलेली होती. मुलीसाठी काढलेल्या जॅकेटाची चाप तुटलेली होती आणि पट्टा नुसत्या सुतळीने बांधला होता. ते मोठ्या माणसाच्या मापाचे असल्याने खांद्यांना धरून वर उचलताच तिच्या कानांपर्यंत सरकले. पाण्यातही नेमके हेच झाले असते, म्हणून लहान मापाचे जॅकेट मिळेपर्यंत आम्ही बोट सोडू दिली नाही. उत्तम पोहणाऱ्याच्याही डोक्याला उलटणाऱ्या बोटीचा काठ लागू शकतो, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाला पोहता येत नाही.

जास्तीच्या माणसांबद्दल सांगली जिल्ह्याला तरी वेगळे सांगायला नको. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. वजन वाढले की बोटीचा काठ पाण्याच्या जवळ येतो आणि एरवी खालून निघून जाणारी लाट आत शिरते. फोटोसाठी सगळे एका बाजूला उभे राहिले, तर मंजूर संख्येतही बोट कलंडू शकते. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 नुसार यांत्रिक जलयानाची तपासणी आणि नोंदणी आवश्यक आहे. तेव्हा चढण्यापूर्वी प्रवासीसंख्या विचारण्यात संकोच कशाचा?

चौथ्या मुद्द्यासाठी या संदेशात उजनीचाच दाखला दिला आहे, कारण तेथे एक जण पोहत काठाला लागला होता. पण त्या एकावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. पाण्यातून काठ दिसतो त्यापेक्षा बराच दूर असतो आणि अंगावरचे ओले कपडे दमवतात. उलटलेली बोट पुष्कळदा तरंगत राहते. तिला धरून, मुलांना मध्ये घेऊन, एकत्र थांबावे. मदतीला येणाऱ्याला पाण्यातल्या एकट्या डोक्यापेक्षा बोट लवकर दिसते.

माणूस चालू बोटीतून पडला तर काय करावे, याचा या संदेशात उल्लेखच नाही. त्याच्यावरची नजर ढळू न देता एकाने सतत हात करून दिशा दाखवावी, चालकाने वळून सावकाश जवळ जावे आणि माणूस हाताशी येण्यापूर्वीच इंजिन बंद करावे, कारण बोटीचा पंखा पाण्याखाली असतो आणि पडलेल्याचे पाय त्याच पातळीवर असतात.